आठवड्याची पिक्चरवही: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पाहिलेल्या पिक्चरांची आठवड्याला नोंद ठेवते म्हटल्यापासून ओळखीपाळखीतून तेच तेच प्रश्न येतात. बेळगावातून सगळ्यात जास्त, मग खानापूर, निपाणी, आणि बाजाराला बेळगावात येणाऱ्या चंदगडकरांकडूनही. प्रत्येकाला वेगळं उत्तर देण्यापेक्षा एकदाच लिहून काढलंय. एकाच उत्तराची पुनरुक्ती नको म्हणून जागोजागी दुसऱ्या प्रश्नाचा आकडा दिलाय.

१. पिक्चरवही म्हणजे काय? परीक्षण लिहावं लागतं का?

नाही. आठवड्यात जे सिनेमे पाहिले त्यांची स्वतःपुरती नोंद, एवढंच. पिक्चर चांगला की वाईट हे सांगायला शंभरजण बसलेत. तुम्ही तो कुठं, कधी, कोणाबरोबर आणि कोणत्या भाषेत पाहिलात, ते लिहा. कथा तर मुळीच लिहू नका, ती कुठंही मिळते. मागच्या रांगेतला माणूस इंटरव्हलपर्यंत फोनवर कांद्याचा दर विचारत होता, हे मात्र तुम्ही लिहिलं नाहीत तर कुठंच सापडणार नाही.

२. एका नोंदीत काय काय हवं?

वार-तारीख, नाव, सालासकट (का ते प्रश्न १२ मध्ये), भाषा, जागा, खेळाची वेळ, सोबत कोण, लांबी, आणि एक वाक्य. माझ्या वहीतली एक नोंद तशीच्या तशी देते, फक्त पिक्चरचं नाव गाळून, नाहीतर सगळी चर्चा त्यावरच होते:

"शनि., १४ जून २०२५. मराठी. जुनं थेटर, ६चा खेळ. आई, मावशी. २ ता. १९ मि. इंटरव्हलनंतर पाऊस पत्र्यावर असा कोसळला की पाच मिनिटं कोण काय बोलतंय कळलं नाही, तरी मावशी वेळेवर रडली."

वाक्य एकच असावं. दोन लिहिलीत की तिसरं येतं, आणि मग पुढच्या आठवड्यापासून वही बंद पडते. हे माझ्या बाबतीत दोनदा झालंय, म्हणून सांगते.

३. आठवडा कुठून कुठं धरायचा? सोमवार ते रविवार?

घरीच पाहत असाल तर काहीही चालेल. थेटरात जाणाऱ्यांनी शुक्रवार ते गुरुवार धरावा. नवे पिक्चर शुक्रवारी लागतात, खेळांच्या वेळा त्याच दिवशी बदलतात. आपल्याकडं मराठी पिक्चरला अनेकदा दिवसाला एकच खेळ मिळतो, तोही दुपारचा, आणि पुढच्या शुक्रवारी तो असेल याची खात्री नसते. "आठवड्यात बघू" म्हणताना आपण खरं तर "गुरुवारच्या आत बघू" म्हणत असतो. मी गुरुवारी जेवणं झाल्यावर आठवड्याखाली रेघ मारते.

४. वहीत लिहू की फोनवर?

दोन्ही पाहिलं. फोनवर शोधायला सोपं, वहीत लिहायला सोपं. लेटरबॉक्स्डसारख्या ॲपवर तारखेवार डायरी ठेवता येते, पुन्हा पाहिलेला पिक्चर तसा नोंदवता येतो, आणि सगळा डेटा फाइल म्हणून उतरवून घेता येतो. ते वर्षातून एकदा कराच, नाहीतर फोन बदलताना रडायची वेळ येते. अडचण दोन ठिकाणी. नावं रोमन लिपीत, त्यामुळं मराठी नावाचं स्पेलिंग कोणी कसं केलंय त्यावर शोध अवलंबून. आणि ॲपला "सोबत कोण" मध्ये रस नाही.

माझं सांगायचं तर दोनशे पानी वही, उजव्या पानावर नोंदी, डावं पान कोरं. मागाहून आठवलेलं, कोणी सांगितलेलं, चुकीची दुरुस्ती, सगळं डावीकडं.

५. भाषेच्या रकान्यात काय लिहू? आमच्याकडं एकच पिक्चर घरात तिघांनी तीन भाषांत पाहिला.

सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच. पुण्या-मुंबईच्या माणसाला हा रकाना फारसा सुचणारही नाही. आपल्याकडं तो सगळ्यात महत्त्वाचा, त्यामुळं जरा ऐसपैस सांगते.

तीन गोष्टी वेगळ्या ठेवा: पिक्चर मूळ कोणत्या भाषेतला, तुम्ही ऐकलात कोणत्या भाषेत, आणि खाली पट्टी (सबटायटल) होती का, असली तर कोणती. मी अक्षरं वापरते. म, क, हिं, ते. कन्नड पिक्चर हिंदीत डब केलेला पाहिला तर "क→हिं". कन्नडमध्येच, खाली इंग्रजी पट्टी, तर "क (इं पट्टी)". 'कांतारा' कन्नडमध्ये ३० सप्टेंबर २०२२ ला आला आणि हिंदी डब १४ ऑक्टोबरला. आमच्याकडं मी पहिल्या आठवड्यात "क" पाहिला, जाऊबाईंनी दिवाळीच्या तोंडावर "क→हिं". जेवताना वाद झाला की नायक अमुक वाक्य बोलतो की नाही. दोघीही बरोबर होतो.

चौथी गोष्ट माझी स्वतःची भर: समजलं किती. "पूर्ण", "अर्धं", "अंदाजानं". बेळगावात वाढलेल्याला बाजारातलं कन्नड येतं. भाजीवाली, बस कंडक्टर, तहसीलदार कचेरी, एवढ्यापुरतं पुरतं. पण पिक्चरमधलं कन्नड बहुतेकदा बेंगळूर-म्हैसूरकडचं, त्याचा वेग आणि लकब वेगळी. धारवाडकडचं बोलणारं पात्र आलं की मला एकदम सगळं कळायला लागतं, आणि ते पात्र बहुधा विनोदी असतं, यावर मी वहीत तीनदा चिडलेय.

शंका असेल तर सुरुवातीला पडद्यावर येणारं सेन्सॉरचं प्रमाणपत्र बघा. त्यावर भाषा लिहिलेली असते, डब असेल तर तसा उल्लेखही. त्यासाठी वेळेवर पोचावं लागतं हे खरं.

६. एकच पिक्चर दोन भाषांत काढलेला असेल तर नोंद एक की दोन?

डब असेल तर पिक्चर एकच. दोन्ही पाहिलेत तर दुसरी नोंद "पुन्हा" म्हणून (प्रश्न ११). पण दोन भाषांत वेगवेगळा चित्रित केलेला असेल तर ते दोन पिक्चर, दोन नोंदी. ही पद्धत बोलपटाइतकीच जुनी. पहिला मराठी बोलपट 'अयोध्येचा राजा', १९३२चा, प्रभात फिल्म कंपनीनं कोल्हापुरात मराठी आणि हिंदी असा दोन्हींत काढला होता.

कोल्हापूरचा विषय निघालाच आहे तर: पहिला कन्नड बोलपट 'सती सुलोचना', १९३४चा, त्याचं चित्रीकरणही कोल्हापुरातच झालं, छत्रपती सिनेटोन स्टुडिओत. निपाणीपासून हे गाव चाळीसेक किलोमीटरवर. म आणि क असे कडक रकाने आखताना मला हे दरवेळी आठवतं आणि रेघ जरा वाकडी येते.

७. आणि रिमेक?

नवा पिक्चर, नवी नोंद, शेजारी मूळ नोंदीचा पान क्रमांक. 'सैराट' (२०१६) आणि त्याचा कन्नड रिमेक 'मनसु मल्लिगे' (२०१७) हे आपल्याकडं ठरलेलं उदाहरण. दोन्हींत नायिका तीच, रिंकू राजगुरू, त्यामुळं बऱ्याचजणांना वाटतं की डबच असणार. तो डब नाही.

८. आपल्या बोलीत लिहिलं तर चालेल? शुद्ध लिहायला गेलं की हात अडतो.

बोलीतच लिहा. आपण "पिक्चर बघितलो" म्हणतो, पुण्याचे पाहुणे हसतात, "मी पिक्चर बघितला" म्हणा म्हणतात. वही पाहुण्यांना दाखवायची नाही. आई लिहिते तेव्हा "मी शेजारणीसंगं गेलो, चालत आलो" असंच लिहिते, आमच्या भागातल्या बायका बोलतात तसं. मी स्वतः शाळेमुळं "गेले, आले" लिहायला शिकले. आईची पानं वाचताना तिचा आवाज ऐकू येतो, माझी वाचताना निबंधाच्या बाई दिसतात.

कन्नड शब्द मध्ये आला तर येऊ द्या. देवनागरीत लिहा म्हणजे घरातल्या सगळ्यांना वाचता येईल.

९. अर्धवट सोडलेला, झोप लागलेला, करंट गेल्यामुळं राहिलेला. हे पाहिलेले धरायचे का?

नोंदवायचे सगळे, मोजायचे सगळे नाहीत. इंटरव्हलच्या आधी सुटला तर "सोडला" आणि कुठं ते ("नायक गावी परततो तिथं"). नंतर सुटला तर "अर्धवट". झोपेचं प्रामाणिकपणे लिहा. आमचे हे अख्खं थेटर हसत असताना घोरत होते आणि घरी येऊन "बरा होता" म्हणाले, ते त्यांच्या शब्दांत नोंदवलंय. करंट गेल्यामुळं राहिला असेल तर जागा मोकळी सोडा. बाकीचा भाग त्याच आठवड्यात पाहिला तर तीच नोंद पुरी करायची. आठवडा उलटला तर नवी.

मोजणीसाठी माझा नियम: शेवटची वीस मिनिटं पाहिली असतील तर पिक्चर पाहिला. सुरुवात चुकली तरी चालेल. बस उशिरा येते, त्यात आपला दोष काय.

१०. मोबाइलवर तीन रात्री मिळून एक पिक्चर होतो. तारीख कोणती? आणि रात्री नऊचा खेळ बारानंतर सुटला तर?

खेळ सुरू झाला ती तारीख. तुकड्यांनी पाहिला असेल तर संपला ती तारीख, आणि कंसात "३ रात्री". हे विसंगत आहे, मला माहीत आहे. पण थेटरात गेलेला दिवस लक्षात राहतो तो निघताना, आणि मोबाइलवरचा पिक्चर लक्षात राहतो तो एकदाचा संपल्यावर. दीडपट वेगानं पाहिला असेल तर तेही लिहा. लाजू नका, फक्त लिहा.

११. दुसऱ्यांदा पाहिला तर?

नवी नोंद, नावापुढं "२". जुनी नोंद आधी वाचायची नाही! नवं वाक्य लिहून झाल्यावरच मागं जायचं. गणपतीत गल्लीत पडदा लावून दाखवलेला, लग्नाच्या घरी टीव्हीवर चाललेला, बेंगळूरच्या रात्रीच्या बसमध्ये समोरच्या पडद्यावर दिसलेला, यांतलं काय धरायचं हे प्रश्न ९ च्या वीस मिनिटांच्या नियमानं ठरवा.

१२. एकाच नावाचे अनेक पिक्चर असतात. गोंधळ कसा टाळायचा?

सालानं. 'देवदास' नुसतं लिहिलंत तर १९३५, १९५५ की २००२? साल पुरेसं नसेल तर दिग्दर्शकाचं आडनाव. डब पिक्चरची टीव्हीवर नावं बदलतात, आणि एकाच पिक्चरला दोन वाहिन्यांवर दोन नावं असू शकतात. तिथं नायकाचं नाव आणि एक प्रसंग लिहून ठेवा, मूळ नाव सवडीनं डाव्या पानावर.

१३. लांबी कुठून कळणार? टीव्हीवर तर जाहिराती धरून साडेतीन तास होतात.

टीव्हीचा वेळ लिहू नका, नुसतं "टीव्ही" लिहा. तिथं जाहिराती वाढतात आणि दृश्यं कापली जातात, दोन्हीकडून हिशेब चुकतो. थेटरात प्रमाणपत्रावर लांबी असते. आताच्या पिक्चरला मिनिटांत, जुन्या फिल्मच्या प्रमाणपत्रावर मीटरमध्ये, शेजारी रिळांची संख्या. ३५ मिलिमीटरची फिल्म सेकंदाला २४ चौकटींनी चालते, म्हणजे मिनिटाला ९० फूट, साधारण २७.४ मीटर. ४००० मीटरचा पिक्चर म्हणजे २ तास २६ मिनिटं. जुने पिक्चर यूट्यूबवर पाहताना हे प्रमाणपत्र बरेचदा शाबूत असतं. भागून बघा, आणि समोरची प्रत दहा-पंधरा मिनिटांनी कमी भरली तर काहीतरी कापलंय असं समजा.

१४. स्टार द्यायचे का?

मी देत नाही. पहिल्या वर्षी दिले होते. वर्षअखेर पाहिलं तर निम्म्याहून जास्त पिक्चरना पाचपैकी साडेतीन. साडेतीन म्हणजे काय, मलाच आठवेना.

१५. तिकिटं चिकटवू का? पैसेही लिहायचे?

चिकटवा, पण मजकूर आधी हातानं उतरवून घ्या. आताचं तिकीट उष्णतेनं उमटणाऱ्या कागदावर छापतात. ऊन, प्लॅस्टिकची पिशवी, गरम पाकीट यानं ते पुसट होतं. माझ्याकडं एका पानावर सहा कोरे पांढरे चिटोरे ओळीनं चिकटवलेत, कोणतं कशाचं देव जाणे. त्यावर सेलोटेप मारली होती, तिनं तर काम लवकर उरकलं. जुन्या टॉकीजचं जाडसर रंगीत तिकीट, अर्धं फाडून दिलेलं, अजून तसंच्या तसं आहे.

पैसे लिहा, बसभाड्यासकट. २२ सप्टेंबर २०२५ पासून शंभर रुपयांपर्यंतच्या तिकिटावरचा जीएसटी १२ वरून ५ टक्के झाला. शंभरच्या वरच्यावर १८ टक्के राहिलाच. माझी सगळी तिकिटं शंभरच्या वरची, त्यामुळं रकाना जागचा हलला नाही. कोल्हापूरला जाऊन पाहिलेल्या पिक्चरमध्ये तिकिटापेक्षा प्रवास महाग पडतो हे मात्र वही ठेवल्यावरच कळलं.

१६. जायचं ठरलं आणि जाणं झालं नाही, अशा पिक्चरची नोंद करावी का?

करावी. इथं मी बाकीच्यांपेक्षा वेगळं सांगते याची कल्पना आहे. माझ्या वहीत एक ओळ आहे: "रवि., २३ फेब्रु. २०२५. कोल्हापूर, ३चा खेळ. चौघं. गेलो नाही. बस बंद." त्या दिवसांत महाराष्ट्र आणि कर्नाटक यांच्यामधल्या बसगाड्या थांबल्या होत्या. डबा भरून तयार होता, तो आम्ही गच्चीवर बसून खाल्ला. पिक्चरचं नावही लिहिलंय. तो पुढं कधीतरी मोबाइलवर पाहिला आणि त्या नोंदीत वाक्य सुचलं नाही.

खेळ रद्द झाला, तिकीट मिळालं नाही, मराठी पिक्चर बेळगावात लागलाच नाही, हे सगळं "गेलो नाही" खाली. वर्षाच्या मोजणीत धरू नका, वेगळं मोजा.

१७. एकही पिक्चर न पाहिलेला आठवडा?

तारखा लिहून "नाही". कारण द्यायची गरज नाही. परीक्षा, पेरणी, बाळंतपण ही कारणं पुढं-मागं आपोआप कळतात.

१८. वेबसिरीज?

वेगळ्या वहीत.

१९. वही सुरू करण्याआधीचे, लहानपणीचे पिक्चर आठवून लिहिले तर?

पेन्सिलनं लिहा, म्हणजे खात्रीचं आणि आठवणीतलं वेगळं दिसतं. तारीख आठवणार नाही, पण टेकू मिळतात: दहावीच्या सुट्टीत, आजोबा गेले त्याच्या आधी, घरात रंगीत टीव्ही आला त्या पावसाळ्यात. आई तर "तू पोटात होतीस तेव्हाचा" असं सांगते, आणि ते तारखेपेक्षा पक्कं निघतं. जुन्या वर्तमानपत्रांच्या बांधीव फायली जिथं चाळायला मिळतील तिथं थेटरांच्या जाहिराती बघा. कोणत्या आठवड्यात कुठं काय लागलं होतं ते कळतं. एक सावधगिरी: दूरदर्शनवर पाहिलेला पिक्चर थेटरात पाहिला असं मन हमखास सांगतं. बाल्कनी की खाली, शेजारी कोण, हे आठवत नसेल तर बहुधा टीव्हीच.

२०. सगळ्या घराची एकच वही ठेवली तर?

छान चालते, फक्त प्रत्येकाचं वाक्य त्यानंच लिहायचं, दुसऱ्यानं नाही. लहान मुलांनाही लिहू द्या. भाच्यानं एका पिक्चरपुढं "समोसा मोठा होता" लिहिलंय. मात्र कोणी कोणाबरोबर पिक्चरला गेलं हे घरच्या वहीत येणार असेल तर कॉलेजातली मुलं खोटं लिहायला लागतात. त्यांना त्यांची वेगळी वही घेऊ द्या आणि उघडू नका.

२१. घरात आईची (किंवा आजीची) जुनी नोंद सापडलीय. माझ्या वहीत उतरवून घेऊ का?

उतरवू नका. फोटो काढा, मूळ वही तशीच ठेवा, पेनानं दुरुस्ती करू नका. नावं चुकली असली तरी. तुमच्या वहीत फक्त "आईची वही, पान अमुक" एवढा निर्देश पुरे.

आमच्या बेळगावच्या शहापुरातल्या दुकानाच्या जुन्या किर्दीच्या शेवटच्या चार पानांवर आईच्या नोंदी निघाल्या. पुढच्या पानांवर साड्यांचा हिशेब, मागून उलटी वही धरून पिक्चर. बहुतेक ओळींत थेटर आणि तिकिटाचे पैसे, पिक्चरचं नाव कधी आहे, कधी नाही. एक ओळ अशी: "बाल्कनी. तिघी. मधी करंट गेला, परत आला. चालत आलो." नाव नाही. त्या ओळीवर बोट ठेवून आईला विचारलं, कुठला गं पिक्चर? तिनं चष्मा लावून बराच वेळ पाहिलं आणि आधी दोघींची नावं सांगितली, मग कोणी कोणती साडी नेसली होती ते. पिक्चर काही आठवला नाही. त्या दोघींपैकी एक अजून वडगावात राहते. तिला विचारायचं राहिलंय, म्हणून माझ्या डाव्या पानावर तेवढी जागा मोकळी ठेवलीय.